उरलेल्या भ्रूणापासून बनलेला उपचार घ्यावा का?

एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात कंपवातावरचे, म्हणजे पार्किन्सन्सवरचे, दोन प्रयोग एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक अमेरिका-कॅनडातला, १२ रुग्णांवरचा. दुसरा जपानमधल्या क्योटोचा, ७ रुग्णांवरचा. दोन्हीकडे प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशी रुग्णांच्या मेंदूत सोडण्यात आल्या. त्या तिथे टिकल्या, डोपामिन (कंपवातात मेंदूत कमी पडणारं, हालचालीसाठी लागणारं रसायन) तयार करू लागल्याच्या खुणा स्कॅनमध्ये दिसल्या आणि त्यांच्यामुळे कोणाला गंभीर इजा झाली नाही. ज्यांच्या घरी कंपवाताचा माणूस आहे त्यांना या बातमीचं मोल वेगळं सांगायला नको. शर्टाचं बटण लावायला दहा मिनिटं लागणं, चहाचा कप ओठापर्यंत नेताना अर्धा सांडणं, चारचौघांत जेवायला बसायचं टाळणं हे सगळं त्यांनी रोज पाहिलेलं असतं.

दोन प्रयोगांत एक मोठा फरक होता. जपानी पेशी एका निरोगी दात्याच्या रक्तातल्या पेशींपासून बनवल्या होत्या. अमेरिकी पेशींचं मूळ मात्र एका मानवी भ्रूणात होतं आणि त्या पेशी मिळवताना ते भ्रूण संपलं होतं.

उद्या असा उपचार आपल्याकडे आला, तर भ्रूण नष्ट करून मिळालेली गोष्ट आपल्या आईवडिलांच्या अंगात घालणं योग्य आहे का? मला वाटतं, आहे. पण काही अटींवर, आणि त्या अटी नीट कळायच्या तर थोडं मागून यावं लागेल.

मूलपेशी म्हणजे काय

शरीरातल्या बहुतेक पेशींचं काम ठरलेलं असतं. कातडीची पेशी कातडीच राहते, हृदयाची हृदयच. काही थोड्या पेशी मात्र अशा असतात की त्या स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करत राहतात आणि गरज पडेल तशा दुसऱ्या प्रकारच्या पेशींतही बदलतात. या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल.

मूलपेशी म्हटलं की लगेच भ्रूण, असं मात्र नाही. आपल्या हाडांतल्या मगजात रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी असतात. रक्ताच्या कर्करोगात करतात ते अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हणजे मूलपेशींचाच उपचार. भारतात तो पहिल्यांदा यशस्वी झाला १९८३ मध्ये, मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, डॉ. सुरेश अडवाणी यांच्या हातून. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत, चुन्याने किंवा रसायनाने एक डोळा भाजलेल्या रुग्णाच्या दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या कडेचा बारीकसा तुकडा घेऊन भाजलेल्या डोळ्याचा पृष्ठभाग पुन्हा तयार करतात. तंबाखूच्या चुन्याची पुडी डोळ्यात फुटून जखमी झालेली लहान मुलंही तिथे येतात. या उपचारांवर नैतिक वाद नाही. देणारा माणूस समोर असतो, त्याला विचारता येतं, आणि दिल्यानंतरही तो चालत घरी जातो.

अडचण अशी की या मोठ्या माणसाच्या मूलपेशींची झेप मर्यादित असते. मगजातल्या पेशी रक्त बनवतात, मेंदूतल्या डोपामिन-पेशी बनवत नाहीत. शरीरातली कुठलीही पेशी बनण्याची ताकद असते ती अगदी सुरुवातीच्या भ्रूणातल्या पेशींत.

ही भ्रूणं येतात कुठून

आयव्हीएफ उपचारात, ज्याला आपण अजूनही टेस्ट ट्यूब बेबी म्हणतो, स्त्रीची अनेक अंडी एकाच वेळी काढून प्रयोगशाळेत फलित करतात. त्यातली एक-दोन भ्रूणं गर्भाशयात सोडतात. बाकीची गोठवून ठेवतात. मूल झालं, जोडप्याला पुढे नको असलं, की ती तशीच शिल्लक राहतात.

पाच दिवसांचं हे भ्रूण म्हणजे शे-दोनशे पेशींची पोकळ गोळी. आकार मिलिमीटरचा दहावा ते पाचवा हिस्सा. मेंदू नाही, चेतातंतू नाही, हृदय नाही. ते कधी कोणाच्या गर्भाशयात गेलेलं नसतं, त्यामुळे इथे गर्भपाताचा प्रश्न येत नाही आणि लिंगनिदानाचाही नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये ज्या महाराष्ट्राने केला, तिथे भ्रूण नष्ट केलं हे ऐकताच मनात वेगळी चित्रं उभी राहतात, आणि ती राहणं स्वाभाविक आहे.

आपल्याकडे सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा सांगतो की भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतं. त्यानंतर ते आपोआप नष्ट होऊ द्यायचं किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचं. म्हणजे शिल्लक भ्रूणापुढे ‘जन्म की संशोधन’ असा पर्याय बहुतेक वेळा नसतोच. पर्याय असतो तो ‘तसंच नष्ट होणं की संशोधनाला जाणं’ असा. माझ्या मते सगळ्या चर्चेत सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच आहे.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी अशा दान केलेल्या भ्रूणांच्या आतल्या पेशी वेगळ्या काढून पहिल्यांदा प्रयोगशाळेत वाढवल्या. पेशी जगल्या, भ्रूण संपलं. पुढचा सगळा वाद त्या एका कृतीभोवती फिरतो.

एकदा लागलेलं विरजण

भ्रूणातून काढलेल्या पेशी योग्य वातावरणात विभागत राहतात, त्यातल्या थोड्या बाजूला काढून पुन्हा वाढवता येतात, गोठवता येतात, जगभर पाठवता येतात. अशा अखंड चालत राहणाऱ्या पेशींच्या वंशाला सेल लाइन म्हणतात. घरातलं दही आठवा. पहिलं विरजण कुठून तरी आणलेलं असतं, पण नंतर रोज कालच्या चमचाभर दह्यातून आजचं दही लागतं आणि पुन्हा कोणाच्या दारात जावं लागत नाही. वर्षांमागून वर्षं तेच विरजण चालू राहतं.

२०२५ च्या अमेरिकी प्रयोगातल्या पेशी ‘एच ९’ नावाच्या सेल लाइनपासून बनल्या होत्या. ही थॉमसन यांनी १९९८ मध्ये तयार केलेल्या पहिल्या पाच सेल लाइनपैकी एक. म्हणजे त्या बारा रुग्णांसाठी एकही नवं भ्रूण लागलं नाही. उद्या बारा हजारांवर उपचार झाले तरी तत्त्वतः हीच लाइन पुरू शकते.

हा धागा भारतातही पोचलेला आहे. भारतातलं पहिलं शास्त्रीय नोंद असलेलं आयव्हीएफ बाळ १९८६ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात जन्मलं, ते डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेच्या सहकार्याने. त्याच संस्थेत पुढे ‘काइंड-१’ आणि ‘काइंड-२’ या मानवी भ्रूण-मूलपेशींच्या दोन सेल लाइन तयार झाल्या. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत संशोधन केंद्रातही अशा दोन लाइन आहेत.

“पण तो जीवच ना?”

या प्रश्नाला विज्ञान उत्तर देऊ शकत नाही. पेशी जिवंत आहेत का, तर हो. त्या मानवी आहेत का, तर हो. तो ‘माणूस’ आहे का, हे ठरवायचं मोजमाप सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाही.

आपल्या परंपरेतही एकमत नाही. शुक्र (पुरुषबीज), शोणित (स्त्रीबीज) आणि जीव यांचा कुक्षीत, म्हणजे गर्भाशयात, संयोग झाला की त्याला गर्भ म्हणावं, असं चरकसंहितेत आहे. गर्भोपनिषद मात्र सातव्या महिन्यात गर्भ जीवाशी संयुक्त होतो असं सांगतं. ज्यू परंपरा पहिल्या चाळीस दिवसांच्या गर्भाला पूर्ण मानवी दर्जा देत नाही. अनेक मुस्लिम विद्वान १२० व्या दिवशी आत्म्याचा प्रवेश मानतात. कॅथलिक चर्च गर्भधारणेच्या क्षणापासून भ्रूणाला माणसाइतकाच मान देतं, आणि गोव्यात किंवा वसईत राहणाऱ्या अनेक मराठी-कोकणी कुटुंबांसाठी ही श्रद्धेची, जगण्याची गोष्ट आहे. ‘अडाणीपणा’ म्हणून ती बाजूला सारणाऱ्यांशी मी सहमत नाही.

कायद्यांनी मधली वाट काढली. ब्रिटनमध्ये १९८४ च्या वॉरनॉक समितीने चौदा दिवसांची मर्यादा सुचवली आणि १९९० मध्ये ती कायद्यात आली. चौदाच का? साधारण तेव्हा भ्रूणात पहिली रेघ उमटते, पुढे पाठीचा कणा जिथे होणार तिथे. त्याआधी एका भ्रूणाची दोन जुळी होऊ शकतात. जे अजून एक की दोन हेच ठरलेलं नाही, त्याला एक व्यक्ती कसं म्हणायचं, हा त्यामागचा विचार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांतही हीच मर्यादा आहे. मला ती पटते. पाच दिवसांच्या भ्रूणाला काहीच किंमत नाही असं मी म्हणणार नाही. त्याचा बाजार मांडू नये, ते केवळ संशोधनासाठी मुद्दाम तयार करू नये. पण त्याचं मोल आणि समोर थरथरत बसलेल्या माणसाचं मोल सारखं आहे, असंही मला म्हणता येत नाही.

“नष्ट त्यांनी केलं, पण घेऊन मी सामील होतो का?”

समजा एखाद्याला भ्रूण नष्ट करणं पूर्ण चूक वाटतं. तरीही १९९८ मध्ये दुसऱ्या कोणी केलेल्या कृतीचं फळ आज घेणं चूक ठरतं का? उपचाराच्या नैतिकतेचा खरा गाभा हा प्रश्न आहे.

सरकारांनी याला दिलेली उत्तरं पाहण्यासारखी आहेत. जर्मनीत भ्रूणापासून मूलपेशी काढायला बंदी आहे. पण २००२ च्या कायद्याने, १ जानेवारी २००२ पूर्वी परदेशात तयार झालेल्या सेल लाइन संशोधनासाठी आणायला परवानगी दिली. पुढे २००८ मध्ये ती तारीख १ मे २००७ वर सरकवली. अमेरिकेत अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ९ ऑगस्ट २००१ रोजी हाच मार्ग घेतला: तोवर तयार असलेल्या लाइनवरच्या संशोधनाला सरकारी पैसा, नव्यांना नाही. त्या वेळच्या अमेरिकी यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या तीन लाइन होत्या. ओबामांनी मार्च २००९ मध्ये ते निर्बंध उठवले.

तारखेमागचा हेतू असा: विरजण आधीच लागलेलं आहे, ते वापरल्याने नवं भ्रूण नष्ट होणार नाही, आणि तारीख पक्की असल्याने ‘मागणी आहे म्हणून आणखी करा’ असंही कोणी म्हणू शकणार नाही. पण जर्मनीने तारीख पुढे सरकवली तेव्हा टीकाकारांनी जे विचारलं ते रास्त होतं. एकदा सरकली ती पुन्हा सरकणार नाही कशावरून? आणि आज अनेक प्रयोगशाळांनी रुग्णांसाठी योग्य अशा नव्या लाइन तयार केल्या आहेत हेही खरं. म्हणून ‘आता नवं काहीच नष्ट होत नाही’ असा सरसकट दावा कोणी केला तर तो स्वीकारू नका. उपचार कोणत्या लाइनपासून आहे हे विचारा.

हा पेच आपल्यापैकी बहुतेकांनी नकळत एकदा ओलांडलेलाही आहे. पुण्यात तयार झालेली कोविशील्ड लस ‘एचईके २९३’ नावाच्या पेशींत वाढवली जात होती. या मूलपेशी नव्हेत. १९७० च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडेन इथे एका गर्भाच्या मूत्रपिंडापासून ही सेल लाइन तयार झाली. रुबेलाची लसही जगभर ज्या मानवी पेशींत वाढवतात, त्या १९६० च्या दशकातल्या, गर्भपात झालेल्या गर्भांपासूनच्या आहेत. डिसेंबर २०२० मध्ये व्हॅटिकनने जाहीर केलं की दुसरी निर्दोष लस उपलब्ध नसेल तर अशा पेशींवर आधारलेली कोविड लस घेणं नैतिकदृष्ट्या मान्य आहे, कारण मूळ कृतीशी घेणाऱ्याचा संबंध फार दूरचा आहे, आणि लस घेणं म्हणजे त्या कृतीला मान्यता देणं नव्हे.

मात्र हा निर्णय जसाच्या तसा कंपवातावर लावता येत नाही. लसीत त्या पेशी नसतात, त्या गाळून काढतात. इथे पेशीच मेंदूत जातात. भ्रूणापासूनच्या पेशींनी उपचार करण्याबाबत व्हॅटिकनच्या २००८ च्या दस्तऐवजाची भूमिका अधिक कडक आहे: पेशी दुसऱ्या कोणी पुरवल्या असल्या तरी गंभीर प्रश्न उरतात. श्रद्धाळू कॅथलिक रुग्णाने हा फरक जाणूनच निर्णय घ्यावा, आणि त्याने नकार दिला तर डॉक्टरांनी त्याचा मान ठेवावा.

माझं म्हणणं असं. भूतकाळातली कृती मी केली नाही, करवली नाही, आणि माझ्या घेण्याने ती पुन्हा घडणार नसेल, तर घेणं म्हणजे सामील होणं नव्हे. पण पहिलं विरजण न विचारता उचलून आणलेलं असेल, तर? तिथे माझं मन अडतं, आणि त्याकडे मी खाली येणारच आहे.

“मग जपानची पद्धत आहेच की”

हा आक्षेप सर्वांत ताकदीचा आहे. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत नेलं. यांना आयपीएस पेशी म्हणतात. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. भ्रूण लागतच नाही, तर भ्रूण-पेशी वापरायच्याच कशाला?

दोन्ही उपचार सारखेच सुरक्षित आणि गुणकारी ठरले, तर मी आयपीएसच्या बाजूने उभा राहीन. ज्या वाटेने कोणाचीच श्रद्धा दुखावत नाही ती वाट सोडण्याचं कारण नाही. पण ती बरोबरी अजून ठरायची आहे. पेशींना उलटं फिरवताना जनुकांत बिघाड राहू शकतो, त्यातून गाठ होण्याची भीती असते, म्हणून प्रत्येक लाइन कसून तपासावी लागते. भ्रूण-पेशींनाही गाठींचा धोका आहेच, मात्र एच ९ सारख्या लाइनचा अभ्यास पाव शतकाहून अधिक काळ झालेला आहे.

शिवाय आयपीएसचा मार्गही भ्रूण-पेशींच्या अभ्यासाशिवाय सापडला नसता. कोणती जनुकं पेशीला ‘काहीही बनण्याच्या’ अवस्थेत ठेवतात, तिला कशात वाढवायचं, हे ज्ञान तिथूनच आलं. मानवी आयपीएस पेशी यामानाकांच्या बरोबरीने, त्याच आठवड्यात, आणखी एका गटाने जाहीर केल्या होत्या. तो गट जेम्स थॉमसन यांचा होता. म्हणून आयपीएस उपचार घेणाऱ्याने ‘माझा भ्रूणाशी संबंधच नाही’ असं म्हणणं पूर्ण खरं होणार नाही.

देणाऱ्याला विचारलं होतं का

आता न विचारता आणलेल्या विरजणाकडे. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्यांपासूनची ‘हेला’ सेल लाइन जगभर वापरली गेली, कंपन्यांनी कमाई केली, आणि कुटुंबाला कित्येक वर्षं पत्ताही नव्हता. २०२३ मध्ये एका कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली.

दक्षिण कोरियात ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ मध्ये मूलपेशींतल्या मोठ्या यशाचे दावे केले. ते खोटे निघाले, शोधनिबंध मागे घेतले गेले. पण खोट्या आकड्यांइतकंच मला हे गंभीर वाटतं की प्रयोगांसाठी लागलेली अंडी त्यांच्याच हाताखालच्या दोन कनिष्ठ संशोधक स्त्रियांकडूनही घेतली गेली होती. साहेबांनी मागितल्यावर नाही म्हणणं किती अवघड असतं हे नोकरी करणाऱ्या कोणालाही सांगायला नको. अंडी काढण्यासाठी इंजेक्शनं घ्यावी लागतात, भूल द्यावी लागते, क्वचित जीवावर बेतू शकतं.

बुश यांच्या यादीतल्या काही लाइनची जोडप्यांनी सही केलेली संमतिपत्रं अपुरी होती, असं विस्कॉन्सिनमधल्याच एका नीतिशास्त्रज्ञाने २००८ मध्ये दाखवून दिलं. भ्रूण किती दिवसांचं होतं यापेक्षा ही गोष्ट मला जास्त खुपते. भ्रूणाच्या दर्जाबद्दल प्रामाणिक माणसांत मतभेद राहतील. जिवंत बाईला अर्धवट माहिती देऊन सही घेणं मात्र कुठल्याच धर्मात, कुठल्याच विचारात बसत नाही. आयव्हीएफ केंद्रात ज्यांच्यासमोर शिल्लक भ्रूणांचा फॉर्म येतो त्यांनी विचारावं: संशोधन कुठल्या संस्थेत होणार, व्यापारी वापर होणार का, आणि नाही म्हटलं तर माझ्या उपचारात काही फरक पडेल का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असंच असायला हवं.

आपल्या दारातला प्रश्न

भ्रूणाचा वाद चालू असताना आपल्याकडे त्याहून मोठा अन्याय मूलपेशींच्या नावाने होतो, आणि त्यात भ्रूणाचा संबंधही नसतो. रुग्णाच्याच कंबरेतून मगज काढायचा, थोडी प्रक्रिया करायची, आणि ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मणक्याची इजा, मधुमेह या सगळ्यांवर ‘स्टेम सेल थेरपी’ म्हणून विकायचा. खर्च लाखांत. आईबाप सोनं गहाण ठेवतात.

आयसीएमआरच्या २०१७ च्या तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं रक्त-मूलपेशींचं प्रत्यारोपण हाच मान्य उपचार आहे. बाकीच्या वापरांची जागा मंजुरी घेतलेल्या चाचणीत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. या तत्त्वांच्या २००७ च्या आवृत्तीच्या शीर्षकात ‘संशोधन आणि उपचार’ असं होतं. २०१३ मध्ये त्यातलं ‘उपचार’ मुद्दाम काढून टाकलं गेलं. ऑटिझमसाठी हा उपचार देऊ नये असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळानेही २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

बाळाच्या नाळेचं रक्त खासगी बँकेत ठेवण्याचंही असंच. ‘बाळाचं जैविक विमा-कवच’ म्हणून ते विकलं जातं. पण बाळाला पुढे आनुवंशिक रक्तविकार निघाला तर त्याच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो. स्वतःच्या भविष्यासाठी नाळेचं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआर सांगते. घरात आधीच एखाद्या भावंडाला प्रत्यारोपणाने बरा होणारा आजार असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हा ते डॉक्टर स्वतःच सुचवतात.

कोणी मूलपेशींचा उपचार सुचवला तर सीटीआरआय, म्हणजे आयसीएमआरच्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागा. पेशी कोणाच्या, कुठल्या लाइनच्या, हे विचारा. पैसे मागितले तर तिथून उठा. चाचणीला पैसे लागत नाहीत, आणि मान्य उपचाराला ‘चमत्कार’ म्हणावं लागत नाही.

कंपवाताचं पुढे काय

त्या बारा आणि सात रुग्णांवरून निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. संख्या लहान होती, आणि आपल्याला पेशी मिळाल्या आहेत हे रुग्णांना ठाऊक होतं. कंपवातात नुसत्या आशेनेही काही काळ हालचाल सुधारते, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. म्हणून अमेरिकी पेशींच्या पुढच्या, मोठ्या चाचणीत काही रुग्णांवर खोटी शस्त्रक्रिया होते: सगळी तयारी खऱ्यासारखी, पण मेंदूत पेशी सोडत नाहीत. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला सांगत नाहीत.

आजारी माणसावर मुद्दाम खोटी शस्त्रक्रिया करणं योग्य का, हाही नैतिक प्रश्नच आहे, आणि माझ्या मते भ्रूणाच्या प्रश्नाहून तो सोपा नाही. मला ती योग्य वाटते, कारण या रुग्णांना हे आधी सांगितलेलं असतं, समजून-उमजून त्यांनी सही केलेली असते, आणि ती चाचणी झाली नाही तर पुढची अनेक वर्षं हजारो लोकांच्या डोक्याला भोकं पाडून निरुपयोगी पेशी घातल्या जाण्याची शक्यता उरते. हा उपचार उद्या आपल्या घरच्या कोणाला मिळालाच, तर तो भ्रूण देणाऱ्या जोडप्याइतकाच या रुग्णांच्याही होकारावर उभा असेल.